पावती नसलेला कोट

माझ्या नणंदबाईंनी नवऱ्याला सोडलं आणि दोन ट्रंका घेऊन त्या कायमच्या माहेरी आल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. सोडण्याचं कारण त्यांनी एकच सांगितलं, "घोरतो." सासूबाईंनी विचारलं, "मग इतकी वर्षं काय करत होतीस?" त्या म्हणाल्या, "झोपत होते. आता झोप लागत नाही." माझ्या नवऱ्याने ट्रंका उचलून वर नेल्या.

आमची लाँड्री होती. खाली दुकान, दुकानामागे भट्टी आणि हौद, आणि वरच्या खोल्यांत आम्ही सगळे. सासरे वारल्यापासून मालकी सासूबाईंची आणि हुकूम थोरल्या दिरांचा. जाऊबाई इस्त्रीला, माझा नवरा आणि मी भट्टीला. दिरांची एक मुलगी होती, तिला सगळे चिंगी म्हणायचे. सासूबाई उंचीने इतक्या कमी की हौदाशी उभं राहायला त्यांना पाट लागे. गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांना 'पाटावरची मालकीण' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. ज्यांनी म्हटलं त्यांच्या कॉलरला स्टार्च जरा जास्त जात असे.

आमच्या घरात कपडा विकत आणायची पद्धत नव्हती. लोक कपडे धुवायला टाकतात आणि विसरतात. कुणी गाव सोडतं, कुणी मरतं, कुणाचं बायकोशी फाटतं आणि पावती तिच्या पर्समध्ये राहून जाते. वर्षभर कुणी फिरकलं नाही की तो कपडा आमचा. दिरांच्या अंगावर एका मेलेल्या वकिलाची पँट असे. माझ्या नवऱ्याचा शर्ट कुण्या बँडवाल्याचा, खांद्यावर सोनेरी दोरी काढल्याची भोकं दिसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला एका नर्सबाईचा स्वेटर मिळाला. ती बाई मी कधी पाहिली नाही, पण तिचे हात माझ्यापेक्षा लांब होते एवढं मी शपथेवर सांगेन.

आणि असा कपडा घरात आला की तो एका माणसाचा नसे. "एकालाच होतो तो कपडा नव्हे, ती चैन," असं सासरे म्हणायचे. म्हणून कपडा ठेवताना तो आज कुणाला आणि पुढे कुणाला, दोन्ही बघून ठेवत. सासरे स्वतः गेले तेव्हा आमच्याकडची माणसं रडायच्या आधी एकमेकांचे खांदे मोजून मोकळी झाली.

त्या वर्षी सासूबाईंना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, वाफेपासून लांब ठेवा. दिरांनी लगेच त्यांना भट्टीवरून उठवून पुढे काउंटरवर बसवलं, म्हणजे वाफेतून काढून थेट दारातल्या वाऱ्यात. वाऱ्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. जन्म भट्टीपाशी गेल्यामुळे सासूबाईंना कोटाची कधी गरजच पडली नव्हती. मागच्या खोलीतून एक बेवारशी राखाडी कोट काढला. पुरुषाचा, चांगल्या लोकरीचा. सासूबाईंनी त्याच्या बाह्या आत दुमडून शिवल्या आणि काउंटरवर बसायला लागल्या.

थंडी नुकती पडायला लागली होती. एक दिवस एक उंच गृहस्थ दारात आला आणि त्याने पावती पुढे केली. जुनी, पिवळी पडलेली, पण घडीसुद्धा न मोडलेली. सासूबाईंनी पावतीवरची खूण बघितली, ती अंगातल्या कोटाचीच होती, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इतकी वर्षं कुठे होतात?" त्यांनी विचारलं.

"आत," तो म्हणाला.

कशाच्या आत ते कुणी विचारलं नाही.

पावती ती पावती, कितीही जुनी असो. सासरे गेले तरी हा नियम गेला नव्हता. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. सासूबाईंनी खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढल्या, अंगुस्तान काढलं, रुमाल काढला, सगळं काउंटरवर मांडलं आणि कोट उतरवून दिला. त्याने तो हातात धरून वरखाली बघितला.

"बाई, बाह्या आखूड कशा झाल्या हो?"

सासूबाईंनी कात्री घेतली आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, दोन्ही बाह्या उसवून दिल्या. तो आभार मानून गेला. माणूस सभ्य होता, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच राग कुणावर काढावा ते कळेना.

त्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मला कोट पाहिजे."

"आहेत की मागे दोन," दीर म्हणाले. "एक तर फरच्या कॉलरचा आहे."

"तसला नको. दुकानातून आणलेला पाहिजे. ज्याची पावती दुसऱ्या कुणाच्या खिशात नाही असा. कुणी येऊन 'उतरव' म्हणणार नाही असा."

दिरांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याने ताटाकडे बघितलं. सासूबाईंनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची घरात कुणाला सवय नव्हती.

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही सगळेच गेलो. एका कोटासाठी इतकी माणसं बघून कपड्यांच्या दुकानदाराला आधी वाटलं, लग्नाचा बस्ता आहे. त्याने खुर्च्या मांडल्या. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की ही माणसं दुसऱ्यांच्या कपड्यांवर जगलेली आहेत आणि नवा कपडा कसा घेतात हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

त्याने पहिला कोट पुढे केला आणि आमच्या मंडळींनी जे येत होतं ते केलं. जाऊबाईंनी खिसे उलटे करून झटकले. दिरांनी कॉलर उलटून आत खूण शोधली. नणंदबाईंनी बाही वर करून काखेचा वास घेतला.

"बाई, नवा आहे तो!" दुकानदार म्हणाला.

"नवा असला म्हणून काय झालं? कुणीतरी घालून बघितलाच असेल."

"किती पाणी झालीत याला?" दिरांनी विचारलं.

"एकही नाही हो."

"एकही नाही?" दिरांनी कोट दूर धरला. "मग रंग जातो की राहतो, कळणार कसं?"

दुकानदाराने कपाळाचा घाम पुसला, आणि तेही थंडीत. त्याने एकामागून एक कोट काढले. लांब, आखूड, पट्ट्याचे, चेनचे. सासूबाई प्रत्येक कोटाची बटणं तेवढी बघायच्या आणि मान हलवायच्या. आमच्या धंद्यात बटण हा शाप आहे. रोलरखाली बटण फुटतं, गिऱ्हाईक भांडतं, आणि मग त्या रंगाचं, त्या भोकांचं बटण शोधत बसायचं. सासूबाईंनी जन्मभर दुसऱ्यांची बटणं लावली होती.

मग त्याने मागच्या बाजूने एक जाड कोट आणला. अस्तर नाही, नुसती घट्ट विणीची दणकट लोकर. पाठीला मोठी टोपी. पुढे दोन ऐसपैस खिसे. आणि बटणांऐवजी लाकडाच्या बोटभर खुंट्या, प्रत्येक खुंटीसमोर दोरीचा फास.

"हा जुना, पक्का प्रकार," तो म्हणाला. "डफल कोट. बोटीवरची माणसं वापरायची. हातमोजे असले तरी लावता येतो."

"बटण?" सासूबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

सासूबाईंनी खुंटी फासात घातली, काढली. परत घातली. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्यांच्या नातीच्या बारशालासुद्धा बघितलं नव्हतं.

"हाच," त्या म्हणाल्या.

तसले कोट तिथे दोन होते. एक लहान, विटकरी, शाळेतल्या मुलींच्या मापाचा. एक मोठा, गडद निळा. सासूबाईंचा हात विटकरीवर होता. तोवर दिरांनी निळा उचलून स्वतःच्या अंगात घातलासुद्धा. ते पाच फूट अकरा. कोट त्यांना चपखल बसला.

"कोट नक्की कुणासाठी घ्यायचाय?" दुकानदाराने विचारलं.

"आईसाठी," दीर आरशात बघत म्हणाले. "वळून दाखवतो, पाठीत कसा दिसतो सांगा."

"दादा, उतरव, मला बघू दे," नणंदबाई म्हणाल्या. "हा बायकांना पण चालतो ना हो? चालतो. म्हणजे आईनंतर दादा, नाहीतर मी."

"नाहीतर म्हणजे?" जाऊबाई म्हणाल्या. "थोरला कोण आहे?"

"थोरला भट्टीशी बसून हुकूम सोडतो, त्याला काय थंडी? मी रात्रीची एकटी झोपते."

"मग घोरणाऱ्याकडे जा. ऊब येईल."

दुकानदार खोकला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसा प्रकार. फरक इतकाच की इथे तुरी शेजारी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. माझा नवरा सहसा बोलत नाही, पण तेव्हा म्हणाला, "आई अजून जिवंत आहे, हे दुकानदाराला सांगायचं का, की त्यांचं त्यांना कळेल?"

"तसं कोण म्हणतंय!" दीर चिडले. "आई, हा मोठाच बरा. मळखाऊ रंग आहे. आत दोन स्वेटर घालता येतील. आणि पुढे अंग भरलं तर?"

"या वयात?" सासूबाई म्हणाल्या. "मी आता फक्त आटणार."

पण निळाच बांधला. विटकरी कोट परत खुंटाळ्यावर गेला.

नाकापेक्षा मोती जड, तसं त्या कोटाचं झालं. तो त्यांच्या घोट्यापर्यंत यायचा. टोपी डोळ्यांवरून हनुवटीवर पडायची. बाह्या अशा लोंबायच्या की सुटे पैसे द्यायला हात बाहेर काढेपर्यंत गिऱ्हाइकं कंटाळायची. एक जण म्हणाला, "कोट तर बसलाय, मालकीणबाई कुठे आहेत?" सासूबाई आतून म्हणाल्या, "तुमची बाकी शोधतायत."

वरच्या खोलीत तर निराळीच तऱ्हा. दीर रोज तो कोट झटकून ठेवत. "आई, भिंतीला घासू नकोस." "आई, खिशात गोळ्या ठेवू नकोस, चिकट होतो." जशी काही सासूबाई त्यांचा कोट घालून बसल्या होत्या. खरं तर बसल्या होत्याच.

मग एका शनिवारी दुकान आवरताना त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. ही कॉलर बघ."

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण असे, लाल दोऱ्याची, कॉलरच्या आत. कुणाच्या दोन फुल्या, कुणाची फुली आणि टिंब. घरातल्या माणसांच्याही होत्या. अक्षरं तेव्हा मला येत नव्हती, सासूबाईंनाही नव्हती, पण खूण आम्ही दोघी डोळे मिटून बोटाने वाचत असू. मी कॉलरच्या आत बोट फिरवलं. तीन फुल्या.

"भाऊजींची," मी म्हणाले.

"माझ्या अंगावर आहे कोट," सासूबाई म्हणाल्या, "आणि पावती आधीच फाडून ठेवली याने."

त्यांना रडू आलं असतं तर मी काय करायचं ते मला माहीत होतं. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी कोट उलटा केला, लोकर चिमटीत धरून चोळली, नखाने खरवडली, नाकाशी नेली. भट्टीवर नवीन कापड आलं की त्या असंच करायच्या. मग म्हणाल्या, "उद्या सगळे तुझ्या नणंदेच्या वकिलाकडे जाणार आहेत ना? तू थांब. तुझं पोट दुखतंय."

"माझं पोट दुखत नाही, आई."

"उद्या दुखेल."

रविवारी ते सगळे बाहेर पडले आणि सासूबाई म्हणाल्या, "भट्टी पेटव."

"आज सुट्टी आहे."

"सुट्टी माणसांना. पाण्याला कसली सुट्टी?"

त्यांनी आधी दोरीचे फास उसवले, मग खुंट्या, आणि सगळं एका वाडग्यात ठेवलं. मग तीन फुल्यांचा लाल दोरा एकेक करून उपसला. तेव्हा कुठे मला कळलं की पुढे काय होणार आहे, आणि माझं पोट खरंच दुखायला लागलं. लोकर कढत पाण्यात घालायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. धंद्यात याहून मोठं पाप नाही. गिऱ्हाइकाचा स्वेटर असा आटला म्हणून सासऱ्यांनी एका कामगाराला हाकलून दिलं होतं.

सासूबाईंनी कोट कढत पाण्यात सोडला आणि वर साबण घातला.

"दांडा घे," त्या म्हणाल्या. "आणि गिऱ्हाईक आहे असं समजू नकोस. दीर आहे असं समज."

मी समजले. चांगलं घुसळलं. मग गार पाण्यात, मग परत कढत. प्रत्येक पाण्यानंतर त्या कोट पिळून स्वतःच्या अंगाला लावून बघायच्या, भाजी शिजली का बघावं तसं. "खांद्याला आला. लांबी अजून जाऊ दे." एका पाण्यानंतर अंग बरोबर आलं, पण बाह्या राहिल्या. मग सासूबाईंनी पाटावर उभं राहून मधला भाग आपल्या हातात उंच धरला आणि मी नुसत्या बाह्या कढत पाण्यात बुडवून चोळल्या. कोटाने रंग सोडला. दोघींचे हात कोपरापर्यंत निळे. इतक्या वेळात त्या एकदाही खोकल्या नाहीत.

भट्टीच्या भिंतीशी सपाट पसरून तो वाळवला. सोमवारी पहाटे उठून त्यांनी खुंट्या परत टाचल्या आणि कोट घालून काउंटरवर बसल्या. दीर किल्ल्या घेऊन खाली आले.

मी हौदाशी होते, पण मधलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"आई, हा कुठला कोट?"

"माझा."

"माझा म्हणजे? तो मोठा कुठे गेला?"

"हाच तो. पाण्यात पडला."

"कोट पाण्यात पडला?"

"माणसं पडतात, मग कोटाला काय झालं?"

"गरम पाण्यात?"

"गार पाण्यात पडून सर्दी झाली असती."

दीर वाकले. त्यांनी कापड चिमटीत धरलं. मग खुंट्यांवर नजर गेली. "टाके नवीन आहेत. खुंट्या कुणी काढल्या होत्या?"

"मी."

"कधी?"

"पाण्यात पडायच्या आधी."

"आधी कशाला काढल्या?"

"पडणार होता ना," सासूबाई म्हणाल्या. "लाकूड तडकतं."

माझ्या नवऱ्याने तोंडावर टॉवेल धरला. तोवर जाऊबाई आणि नणंदबाई खाली आल्या. नणंदबाईंनी हट्टाने कोट उतरवून घेतला आणि अंगात घालायला गेल्या. एक हात गेला, तो कोपराशी अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. जाऊबाईंनी बाही ओढली, मी हौदावरून येऊन कंबर धरली, आणि त्या सुटल्या तेव्हा धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर जाऊन पडल्या.

"चिंगीला होईल!" जाऊबाई एकदम म्हणाल्या. आयत्या बिळावरचा नागोबा एक बीळ बुजलं की दुसरं शोधतो. चिंगीला खाली बोलावून कोट घातला. झाला. जाऊबाईंचे डोळे चमकले.

सासूबाईंनी नातीला विचारलं, "तुझी मागच्या वर्षीची चप्पल येते तुला?"

"नाही. बोटं बाहेर येतात."

"मग पुढच्या वर्षी ह्यातूनही येतील. ही वाढतेय, बाई. मी नाही."

चिंगीने स्वतःच कोट काढून आजीला दिला. "टोचतो," ती म्हणाली.

दीर पांढरे पडले होते. "चांगला कोट वाया घालवलास आई. धंद्यातली बाई तू! बाहेर कळलं तर लोक आपल्याकडे लोकर टाकतील का?"

सासूबाई स्टुलावरून खाली उतरल्या. त्यांनी कोट चढवला, एकेक खुंटी फासात सारली आणि हात सरळ सोडले. बाही मनगटाशी थांबली. खांद्यावर खांदा आला. टोपी पाठीवर नीट बसली. खालची कड गुडघ्याच्या जरा खाली. लोकर इतकी घट्ट झाली होती की वाऱ्याला आत जायला परवानगी काढावी लागली असती.

"बघ," त्या म्हणाल्या. "कुठे वाया गेलाय ते दाखव."

दीर बघत राहिले. माणूस लोभी होता, पण कारागीर होता. त्यांनी बाहीची कड बघितली, दोन्ही बाजूंची लांबी जुळवून बघितली, पाठीत हात फिरवला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही.

"बाह्या वेगळ्या बुडवल्यास?" त्यांनी हळूच विचारलं.

"वेगळ्या."

"मध्ये कुणी धरलं?"

सासूबाई टोपी सारखी करायला लागल्या. दिरांनी माझ्याकडे बघितलं. मी निळे हात पाठीमागे घेतले, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवलं.

"पोट बरं आहे का आता?" दिरांनी विचारलं.

"बरं आहे, भाऊजी."

त्या दिवसानंतर कोटाचा विषय वरच्या खोल्यांत निघाला नाही. सासूबाई खिशात गोळ्या ठेवायच्या, अंगुस्तान ठेवायच्या, भिंतीला पाठ घासून बसायच्या. कॉलरच्या आत त्यांनी स्वतःचीसुद्धा खूण घातली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? कुणाचा आहे ते दिसत नाही का?" चिंगी पुढच्या हिवाळ्यापर्यंत बांबूसारखी उंच झाली.

थोरले दीर सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्याने वारले. त्यांचे कपडे माझ्या नवऱ्याला झाले. सासूबाई वारल्या एक्क्याण्णव साली, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडायच्या आधी. कोट त्यांच्या अंगावर होता आणि आम्ही तो तसाच राहू दिला.